पिठावर उठवलेली बोटं

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

पहिलाच वर्ग आणि पहिल्याच वर्गात बंड!

तोवर सगळं नीट चाललं होतं. मैदा, थोडी कणीक, मीठ, चिमूटभर यीस्ट, पाणी. चमच्यानं कालवायचं, मळायचं नाही. "मळायचंच नाही?" म्हणून करिष्मा हरखली. वरच्या मजल्यावरची ही पोरगी, कडेवर लेक, सदा घाईत. तिला असंच काहीतरी हवं होतं. मग मी म्हटलं, आता झाकण घालायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी त्याचा गोल गोळा करायचा, फडक्याखाली थोडा वेळ फुगू द्यायचा आणि गॅसवर किंवा ओव्हनमध्ये तापलेल्या बिडाच्या कढईत सोडायचा. वर झाकण. झाला ब्रेड.

सावित्रीबाईंनी पातेल्यावरचा हात काढून घेतला. या तळमजल्यावरच्या सावित्रीबाई मूळच्या बीडकडच्या, लेक चाकणला कंपनीत लागला म्हणून इकडे आलेल्या. म्हणाल्या, "रातभर भिजलेलं पीठ ठिवायचं न्हाई ताई. मेलेलं माणूस येतंय त्याच्यासाठी. उपाशी असतंय ते. पिंड समजून येतं."

आपण कुणाच्या घरात बसलोय ते तेव्हा आठवलं सगळ्यांना! करिष्मा लेकीचं झबलं नीट करत बसली. भाग्यश्री ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

मला असा राग आला! आमच्यात पिंड नाही, श्राद्ध नाही. दादा – माझे वडील – सांगायचे, मेलेला जेवायला येत नसतो, दारात जिवंत उभा आहे त्याला घाल. तेच सावित्रीबाईंना ऐकवलं, बालवाडीत पोरांना दटावायचे त्या आवाजात. बालवाडी सुटली पण तो आवाज काही सुटला नाही. त्या बिचाऱ्या खाली बघत उठल्या. पातेलं मात्र घेऊन गेल्या.

हा वर्ग म्हणजे भाग्यश्रीचं खूळ. माझा मुलगा प्रितम गेल्यापासून मी घराबाहेर पडत नाही म्हणून तिनं बिल्डिंगभर सांगून ठेवलं – आमच्या आई ब्रेड शिकवतात, गुरुवारी या, कंपन्यांना सुट्टी असते. मला विचारलंसुद्धा नाही! सून असावी तर अशी, असं सगळे म्हणतात. म्हणोत.

१५ ऑगस्ट

तिघींचेही ब्रेड बसले! करिष्मा फोटो दाखवायला आली, "काकू, हे काय झालं हो? पूर्ण फ्लॅट." सावित्रीबाईंचा थालीपिठासारखा. त्यांनी तो चहात बुडवून खाल्लासुद्धा. भाग्यश्रीनं तर माझ्याच ओट्यावर ठेवलं होतं, माझ्याच डब्यातला मैदा, माझाच ओव्हन. माझा छान फुगला, तिचा चपटा. असं कसं होईल?

१७ ऑगस्ट, रविवार

समाधान आला होता. भाग्यश्रीचा भाऊ, देहूरोडला असतो. चहा घेतला, ह्यांच्याशी चार गोष्टी बोलला, मग बहीणभाऊ गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी आत भांडी लावत होते. एकच भांडं किती वेळा लावणार! पण ऐकू काहीच आलं नाही.

ऐकायला कशाला हवं? तिशीसुद्धा झाली नाही तिची. मूलबाळ नाही. प्रितमला जाऊन दुसरा पावसाळा. कोणताही भाऊ हेच करेल. माझी मुलगी असती तर मीही हेच केलं असतं, हे मला कळतं. चांगलं कळतं.

पण ती जाऊ नये. ती गेली की या घरात त्याचं नाव घेणारं कुणी उरणार नाही. हे तर त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. तिलाच तेवढं माहीत आहे की तो भात खाताना डाळ बाजूला का घ्यायचा, झोपेत काय बडबडायचा. मला एवढंच हवंय – तिनं जाऊ नये. आणि ते तोंडातून काढायची सोय नाही. कोणत्या तोंडानं काढू?

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुसरा वर्ग. नवं यीस्ट आणलं. पाणी कोमट आहे का ते बोट घालून बघितलं. मैदा चाळून घेतला. करिष्मा म्हणाली, "काकू, माझ्या किचनला एसीची हवा येते म्हणून असेल का?" म्हटलं असेल. सावित्रीबाई म्हणाल्या, "माझ्या हाताला गुण न्हाई." म्हटलं गुण कशाला लागतो, हातच लावायचा नाहीये. त्यावर करिष्मा खाली बघून हसली. का हसली देव जाणे.

(देव जाणे! दादांनी ऐकलं असतं तर!)

२२ ऑगस्ट

पुन्हा तिन्ही चपटे. माझा पुन्हा फुगला. मी शिकवण्यातच काहीतरी चुकतेय. इतकी वर्षं पोरांना ग म भ न शिकवलं, एकाचंही अडलं नाही, आणि इथं तीन मोठ्या बायका!

२४ ऑगस्ट, रविवार

आज लिहिते. इतके दिवस लिहीत नव्हते.

मला हा ब्रेड प्रितमनं शिकवला. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर बघून त्याला नाद लागला. तेव्हा लग्नही व्हायचं होतं. पुढं तळवड्याला आयटी पार्कमध्ये रात्रपाळी लागली, तरी सोडला नाही. संध्याकाळी ड्यूटीवर जायच्या आधी पीठ कालवून ठेवायचा, सकाळी आल्यावर भाजायचा. घरभर वास. भाग्यश्री चाकणच्या बससाठी धावत असायची आणि हा तिच्या डब्यात गरम गरम तुकडे कोंबायचा. मला म्हणायचा, "आई, तू मधेमधे हात नको लावूस. त्याचं त्याला फुगू दे." मला कशालाही हात लावल्याशिवाय राहवत नाही, हे त्याला माहीत होतं.

त्या दिवशीही पीठ कालवून गेला होता. सकाळी येताना रस्त्यावर कंटेनर. आम्ही सगळे हॉस्पिटलात. पीठ ओट्यावरच. दोन दिवसांनी घरी आले तेव्हा ओटा पुसलेला होता, पातेलं पालथं घातलेलं. कुणी टाकलं विचारायचा धीर झाला नाही. फुगून उतू गेलं असणार. त्याची वाट बघून.

त्यानंतर ओव्हन बंद होता. यंदा उन्हाळ्यात भाग्यश्रीनंच पुसून चालू केला.

आता खरं लिहायचं ते लिहिते. सावित्रीबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. उपाशी असतंय ते. माझा विश्वास नाही, तसूभर नाही! पण वर्ग नसतो त्या दिवशीही मी आता संध्याकाळी पीठ कालवून ठेवते. झाकण जरा तिरकं ठेवते. सकाळी उठून आधी तिथं जाते. पातेल्याशी वाकून विचारते – आलास का रे?

लिहायलाही लाज वाटते. दादांची लेक मी. कुणी बघत नाही तोवर ठीक.

रोजचा ब्रेड खाणार कोण? खालच्या वॉचमनला देते. तो म्हणतो, मावशी, डेली कशाला?

२७ ऑगस्ट

खाली मंडळाचे गणपती बसले. स्पीकर! भाग्यश्री करिष्माबरोबर खाली गेली, लेझीम बघायला. वरपर्यंत तिचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खिडकी लावून घेतली.

३१ ऑगस्ट

समाधानचे फोन वाढलेत. आज सकाळी ती बाल्कनीत बोलत होती, मी कपडे काढायला गेले तर वाक्य तेवढं कानावर पडलं – "आईंना यातलं काही सांगू नकोस." मला बघून आवाज बदलला, जेवलास का वगैरे.

ठरलं तर. नुसती तारीख माझ्यापासून लपवतायत.

ह्यांना सांगितलं. पेपर वाचत होते. पान उलटलं फक्त.

४ सप्टेंबर, गुरुवार

तिसरा वर्ग. आज फक्त सावित्रीबाई आणि करिष्मा. भाग्यश्री बाजारात जाते म्हणून गेली, संध्याकाळी तिनं तिचं आपलं कालवून ठेवलं. उद्या सकाळी मी स्वतः सावित्रीबाईंकडे जाऊन उभी राहणार आहे. काय चुकतंय ते डोळ्यांनी बघते!

५ सप्टेंबर

सापडलं! आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळीच खाली गेले. सावित्रीबाईंचं पीठ काय सुंदर आलं होतं – जाळीदार, टम्म. म्हटलं करा गोळा. त्यांनी केला, हात हलका आहे त्यांचा. म्हटलं आता झाका, फुगू दे. मी मुद्दाम वळून त्यांच्या गणपतीकडे बघत बसले. मागं वळले तर बाई गोळ्यात बोटं रोवतायत! पाचही बोटं, तळापर्यंत. गोळ्यातली सगळी हवा गेली.

"अहो हे काय करताय?"

त्या अशा गोरमोऱ्या झाल्या. "बोटं उठवल्याबिगर कसं ठिवायचं ताई? असा गोल गोळा म्हंजी पिंडच की. बोटं उठवली की कळतं त्यास्नी, हे आपल्यासाठी न्हाई, जित्या माणसाचं हाय. मग येत न्हाईत."

तेवढ्यात करिष्मा दूध घेऊन जिन्यात. तिला हाक मारली, विचारलं. तीही लाजली. "सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं काकू, बोटं उठवल्याशिवाय ठेवू नको. रात्रीपण करते, सकाळीपण."

मी हसायलाच लागले! मैदा बदलला, यीस्ट बदललं, बिचाऱ्या एसीला नावं ठेवली, आणि ह्या दोघी दर शुक्रवारी सकाळी फुगलेल्या ब्रेडचा जीव घेतायत! सावित्रीबाईही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून. प्रितम गेल्यानंतर मी पहिल्यांदा अशी हसले. पोट दुखेपर्यंत. हसत हसतच जिना चढायला लागले.

आणि जिन्यातच आठवलं. तिसरा ब्रेडसुद्धा चपटाच होतो की.

भाग्यश्री आंघोळीला गेली होती. ओट्यावर तिचा गोळा फडक्याखाली. मी फडकं उचललं. पाच बोटं. बारीक, लांब, तिचीच.

तिच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. तिच्या माहेरी देव्हारा नाही. ती भुतांना भिऊन बोटं उठवते?

नाही. तो येऊ नये म्हणून उठवते.

६ सप्टेंबर

तिच्याशी बोलले नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज बोलले. वाईट बोलले.

ती डबा भरत होती, दुसऱ्या पाळीला निघायची घाई. कंपनीला सुट्टी गुरुवारी, रविवारी नाही. म्हटलं, "तुझा ब्रेड का बसतो ते कळलं मला." तिनं हातातला चमचा खाली ठेवला. म्हटलं, "सावित्रीबाईंचं एक ठीक आहे, तुला काय झालं बोटं उठवायला?"

"मला भीती वाटली आई."

"कुणाची? माझ्या पोराची?"

डोळ्यांत पाणी आलं तिच्या, ते दिसलं मला. तरी थांबले नाही. म्हटलं, "नवीन घरी जायच्या आधी जुन्याचा रस्ता बंद करून जावा, तसं का?"

तिनं डब्याचं झाकण तसंच सोडलं. मग चपला घालून गेली. डबा ओट्यावरच राहिला.

चाकणला उपाशी काम करत असेल आत्ता. घरातल्या माणसाला उपाशी पाठवलं आणि मेलेल्यासाठी पीठ भिजवते मी! दादा, काय म्हणाल मला?

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. सावित्रीबाईंचा निरोप – पितरपाटाच्या दिवसात पीठ ठेवायला जमणार नाही, राग मानू नका. करिष्माचंही तेच. वर्ग बंद.

भाग्यश्री नेहमीसारखी वागते. औषधाची आठवण करते, चहा देते. फक्त डोळ्यांत बघत नाही. मीही बघत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज हे बोलले.

हे कारखान्यातून रिटायर झाले तेव्हापासून रोज सकाळी फिरायला जातात आणि परत येऊन पेपर धरतात. चार शब्द सकाळी, चार संध्याकाळी. प्रितम गेला तेव्हाही रडले नाहीत माझ्यासमोर. मला त्याचा राग आहे, तो वेगळा लिहायला नको.

आज पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "प्रितमची आई, पोरीला कशाला छळतेस?"

म्हटलं, "मी छळते? ती त्याला येऊ देत नाही घरात!"

म्हणाले, "त्याला नाही भीत ती. तुझ्यासाठी भिते, सावित्रीबाई बोलल्या त्या दिवसापासून. रोज सकाळी तू त्या पातेल्याशी बोलतेस. ऐकतो आम्ही. ती मला म्हणाली, बाबा, आई अशानं आजारी पडतील. तो येतो असं वाटणंच बंद व्हायला हवं त्यांचं, म्हणून निदान माझ्या गोळ्यावर बोटं उठवते."

मला वाटलं होतं कुणाला ऐकू जात नाही.

"तुम्हालाही ऐकू येतं?" विचारलं.

"येतं की."

उठता उठता म्हणाले, "मला काय सांगायचं असतं ते मी फिरताना सांगतो त्याला. घरी आणत नाही."

तीस-बत्तीस वर्षांचा संसार, आणि हे आज कळतंय मला.

१२ सप्टेंबर

काल रात्री पीठ भिजवलं नाही. सकाळी ओटा मोकळा. काय करावं सुचेना. भाग्यश्रीला म्हटलं, बस, तुझ्या केसांना तेल लावते. ती बसली. केस किती गळतात तिचे.

तरी मनात एकच. माझ्यासाठी बोटं उठवलीस, खरं मानते. पण जाणार तर आहेसच ना? फोनवर ऐकलंय मी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वर्ग नाही तरी दुपारी सावित्रीबाई आल्या. ताटावर फडकं. आज त्यांच्या मालकांची तिथी. खीर, वडे, भजी. दारातच थांबल्या. "तुमच्यात चालतं का न्हाई, म्हाईत न्हाई ताई. न चाललं तर परत नेते."

म्हटलं या आत. दादा म्हणायचे जिवंताला घाल, मी जिवंत आहे. खाल्लं पोटभर. खीर चांगली झाली होती.

खाता खाता विचारलं, "सावित्रीबाई, मालक यावेत असं वाटत नाही का तुम्हाला? बोटं कशाला उठवता मग?"

त्यांनी ताटावरचं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "लई वाटतं ताई. पर आल्यावर परत जानारच न्हवं ते? एक डाव गेलेले झेपले मला. दुसऱ्या डावाला न्हाई झेपायचं. म्हणून म्हणते, नकाच येऊ. बसा तिथंच निवांत."

मी त्यांना बालवाडीच्या आवाजात दटावलं होतं. माझ्यासारखी अडाणी मीच. दोघी मिळून रडलो. मग त्यांनीच चहा टाकला, माझ्या घरात, डबे शोधून शोधून.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. संपला पंधरवडा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

वर्ग पुन्हा सुरू! आणि आज नवा नियम केला.

म्हटलं, हे बघा, रात्रीचं पीठ सैल असतं. रात्री त्यात काय बोटं उठवायची ती उठवा, दहाही उठवा, सकाळपर्यंत ते आपलं आपण भरून येतं. पण सकाळच्या गोळ्याला हात नाही! करिष्मा म्हणाली, "पण काकू, सकाळीच तर तो गोल दिसतो, पिंडासारखा." प्रश्न बरोबर होता तिचा. तर सावित्रीबाई म्हणाल्या, "सुरीनं चीर दिली तर? चिरलेला पिंड कुठं असतोय?"

आणि गंमत म्हणजे चीर द्यावीच लागते! कढईत सोडायच्या आधी वर एक चीर दिली की वाफेला वाट मिळते, ब्रेड सरळ वर येतो. प्रितम दाढीचं नवं ब्लेड वापरायचा त्यासाठी. मी आळस करून सोडून दिलं होतं ते. म्हटलं सावित्रीबाई, तुम्हीच घ्या पुढचा वर्ग!

भाग्यश्रीही बसली होती आज. हसली. माझ्याकडे बघून हसली.

२६ सप्टेंबर

तिघींचे फुगले! करिष्मा गरम ब्रेड फडक्यात धरून धावतच आली, मागे लेक रडतेय त्याचं भान नाही. सावित्रीबाईंनी लेकाच्या डब्यात दिला. लेक म्हणाला म्हणे, "आये, हे कुठून इकत आणलं?" ते सांगताना त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

भाग्यश्रीचा माझ्यापेक्षा उंच आला. करकरीत पापुद्रा, चीर फुटून मस्त उघडलेली. तिनं पहिला तुकडा मोडला, ह्यांना दिला, दुसरा मला. तिसरा हातात धरून उभी राहिली आणि एकदम रडायला लागली. मी जवळ घेतलं. "त्याच्यासारखा झालाय आई," एवढंच म्हणाली. त्याच्यासारखाच झाला होता. हे तोंडात तुकडा तसाच धरून खिडकीकडे गेले.

तिच्या डब्यात मी गरम गरम तुकडे कोंबले. नको नको म्हणत होती.

आता ही गेल्यावर हा ब्रेड मी कुणासाठी करणार? ह्यांच्या दातांना पापुद्रा चावत नाही.

२९ सप्टेंबर

ठरवलं. परवा-तेरवा धम्मचक्र दिनाला विहारात समाधान येईलच. त्याला सरळ विचारायचं. किती दिवस असं टांगून राहू? तारीख कळली की माणूस तयारीला लागतो. मला रडायचं तर एकदाच रडू दे. तिला द्यायची साडी बघायला हवी, रिकाम्या हातानं कशी पाठवू?

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात समाधान भेटला. बाजूला घेऊन विचारलं, "कधी नेतोस रे बहिणीला? एकदाचं सांग."

तो म्हणाला, "मावशी, मी दोन स्थळं आणली. चांगली होती. दोन्हीला तीच नाही म्हणाली. आईंना सोडून येत नाही म्हणते. आणि हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं बजावलंय मला."

वंदनेतलं एक अक्षर ऐकलं नाही मी. ती पुढच्या रांगेत बसली होती, पांढऱ्या साडीत, ताठ. माझ्यासाठी जागा धरून.

ती जाईल म्हणून रडत होते इतके दिवस. ती जातच नाहीये! आता मलाच तिला नव्या घरी घालवायचंय.